सुई टोचण्याआधी तळहात बघा

वेचणीच्या दिवसांत आमच्या गावात रात्री दोन-अडीचला कुठल्या ना कुठल्या घरातली बाई अंथरुणात उठून बसते आणि ओलं फडकं झटकावं तसा हात झटकते. दोन मिनिटं झटकला की बोटांत जीव येतो, मग ती पुन्हा आडवी होते. पहाटे परत तेच. सकाळी भाकरी थापताना, नंतर शेतात बोंडातून कापूस ओढताना तिला त्याची आठवण राहत नाही, कारण हात चालता असतो तोवर तो बरा वाटतो.

माझ्या मोठ्या वहिनीने मला हे पहिल्यांदा सांगितलं ते दिवाळीच्या सुट्टीत, अमळनेर तालुक्यातल्या आमच्या घराच्या ओट्यावर. "ताई, रातले हातले मुंग्या येतस. बोटं लाकूड हुई जातस. उठीसन हात झटकना पडस, तवय झोप लागस." मी धुळ्याला शाळेत शिकवणारी, घरातली शिकलेली. तिने विचारलं ते त्याच विश्वासाने. मी तिला म्हणाले, "वात असेल वहिनी, तेल लावून शेका." त्या एका वाक्याची बोच मला अजून आहे. हा लेख लिहिण्यामागे ती बोच आहे आणि नंतरच्या काही वर्षांत माझ्याच उजव्या हाताने मला जे शिकवलं, तेही आहे.

त्या दुखण्याचं नाव कार्पल टनेल सिंड्रोम. मनगटाच्या आतल्या बाजूला एक अरुंद बोळ असतो. त्याची जमीन आणि दोन्ही भिंती मनगटाच्या आठ लहान हाडांच्या, वरून आडवा एक चिवट पट्टा. खान्देशातल्या जुन्या धाब्याच्या घरासारखंच समजा, छत जड आणि वर न उचलणारं. या बोळातून बोटं वाकवणाऱ्या नऊ दोऱ्या जातात आणि त्यांच्या सोबतीने एक नस, मीडियन नस. दोऱ्यांवरचं आवरण सुजलं की जागा कमी पडते. दोऱ्या चिवट असतात, त्या सोसून घेतात. नस मऊ असते, ती चेपते. अंगठा, त्याच्या शेजारचं बोट, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू एवढ्या भागाची संवेदना या नसेकडे आहे. करंगळी दुसऱ्या नसेची. म्हणून करंगळी शाबूत आणि बाकीची बोटं बधिर, असं कुणी सांगितलं की मान, मणका, वात यांच्याकडे वळण्याआधी मनगटाकडे बघायला हवं.

१८५४ साली जेम्स पॅजेट या इंग्रज शल्यविशारदाने मनगटाच्या अस्थिभंगानंतर चेपलेल्या या नसेची नोंद केली. गेल्या शतकात १९५० नंतर जॉर्ज फॅलेन या अमेरिकन डॉक्टरांनी हा आजार सगळ्यांच्या नजरेत आणला. त्यांच्या नावाची तपासणी ओट्यावर बसूनही करता येते. दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींना टेकवायच्या, बोटं खाली लोंबती ठेवायची आणि मनगटं वाकलेली तशीच मिनिटभर धरायची. नेमक्या त्याच बोटांत मुंग्या उठल्या तर शंका पक्की होत जाते. रात्रीच का दुखतं याचंही उत्तर यातच आहे. झोपेत आपण मनगट मुडपून, उशीखाली घालून पडतो. १९८१ साली या बोळातला दाब प्रत्यक्ष मोजला गेला. निरोगी हातात मनगट सरळ असताना तो सरासरी अडीच मिलिमीटर पारा होता, आजारी हातात ३२. मनगट पुरतं वाकवलं की आजारी हातात तो नव्वदच्या पुढे गेला.

वहिनीचं पुढे काय झालं ते सविस्तर सांगते, कारण माझा सगळा मुद्दा त्यातूनच निघतो.

मी सांगितल्याप्रमाणे तिने शेकलं. निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करून फडक्यात बांधायचा आणि मनगटाला, बोटांना लावायचा, ही आमच्याकडची जुनी रीत. त्याने बरं वाटतंही. पण तिच्या बोटांची जाण आधीच कमी झाली होती. एका रात्री मधल्या बोटाचं टोक भाजलं आणि फोड आला तो तिला सकाळी भांडी घासताना दिसला. भाजलं तेव्हा कळलंच नव्हतं. नंतर शेजारच्या गावातल्या नस उतरवणाऱ्याकडे गेली. त्याने दंड चोळला, खांदा ओढला, 'चढलेली नस' उतरवली. मग तालुक्याच्या डॉक्टरांनी नसेच्या गोळ्या दिल्या, लाल-पिवळ्या. त्या वर्षभर चालल्या.

पुढच्या उन्हाळ्यात गावातल्या सभामंडपात अॅक्युपंक्चरचं, म्हणजे सुया टोचून करायच्या उपचाराचं, मोफत शिबिर भरलं. दहा दिवस रोज. वहिनी गेली. चौथ्या-पाचव्या दिवसापासून तिला झोप लागू लागली. घरात सगळ्यांना आनंद झाला, मलाही झाला. शिबिर संपलं, आयोजकांचा सत्कार झाला. वहिनी दोन वर्षं त्या सुयांचं नाव काढत होती.

त्या दोन वर्षांत मुंग्या कमी होत गेल्या. आम्ही समजलो, गुण आला. खरी गोष्ट वेगळी होती. नस फार दिवस चेपून राहिली की ती तक्रार करणंही सोडते. मुंग्या येणं हा नसेचा आक्रोश असतो, आणि नस मरू लागली की तोही बसतो. मग उरतो तो बधिरपणा आणि अशक्तपणा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पुरणाचा मांडा हातावर वाढवून खापरावर टाकताना तो तिच्या हातून सुटला, एकदा नाही, तीनदा. ब्लाउजचा हूक लागेना. वेचणीत कापूस बोंडातून निघायच्या ऐवजी बोटांतूनच निसटायचा. मी तिचा तळहात उघडून पाहिला तेव्हा अंगठ्याच्या बुडाशी जो गुबगुबीत उंचवटा असतो तिथे खळगा होता. अंगठा तळहातापासून वर उचलणारा स्नायू या मीडियन नसेवरच जगतो. नस गेली की तो वाळतो.

धुळ्याला तपासण्या झाल्या. नसेतून विजेचा झटका किती वेगाने जातो ते मोजलं, वहन फार मंद होतं. रक्तात साखर वाढलेली निघाली, ती किती वर्षांची होती कुणास ठाऊक. मधुमेह आणि थायरॉइडची कमतरता ही या आजाराची नेहमीची कारणं आहेत. म्हणजे चार वर्षं तिचं मनगट दुसऱ्या एका आजाराची वर्दी देत होतं आणि आम्ही त्या मनगटाला तेल लावत होतो. शस्त्रक्रिया झाली. फक्त हात बधिर करून तो आडवा पट्टा कापतात, बोळाचं छत मोकळं करतात, त्याच दिवशी घरी सोडतात. वहिनीची झोप परत आली. अंगठ्याचा उंचवटा आला नाही, आणि मांडे आता तिची सून करते.

यावरून 'अॅक्युपंक्चर खोटं' असा निष्कर्ष काढणारे मला बरेच भेटले. मी तो काढत नाही, आणि त्याचं कारण माझा स्वतःचा हात आहे. बोर्डाचे पेपर तपासून, वर्षानुवर्षं फळ्यावर लिहून माझ्याही उजव्या हाताला तेच लागलं. पण वहिनीचं पाहून मी आधी तपासणी केली. नस थोडी चेपलेली, स्नायू शाबूत, साखर आणि थायरॉइड ठीक. डॉक्टर म्हणाले, घाई नाही, रात्री मनगटाला पट्टी बांधा, सहा आठवड्यांनी या. पट्टीसोबत मी एका नोंदणीकृत अॅक्युपंक्चरतज्ज्ञाकडे बारा वेळा सुया घेतल्या. मनगटाच्या घडीच्या बरोबर मध्यावर एक बिंदू आहे, चिनी नाव दालिंग. त्याच्या वर सुमारे तीन बोटांवर, दोन दोऱ्यांच्या मधोमध दुसरा, नेइग्वान. दोन्ही बिंदू मीडियन नसेच्या वाटेवरच येतात, हे मला शरीररचनेचं चित्र समोर ठेवून पाहिल्यावर कळलं आणि फार विलक्षण वाटलं. माझी झोप सुधारली, दुखणं ओसरलं. पट्टीने किती झालं आणि सुईने किती, हे मी वेगळं करू शकत नाही. पण दोघींच्या हातांत सुई तीच होती. फरक होता तो सुईच्या आधी काय झालं याचा. माझ्या हाताला नाव मिळालं होतं, वहिनीच्या हाताला मिळालं नव्हतं.

संशोधन काय सांगतं, तेही प्रामाणिकपणे मांडायला हवं. २०१७ साली 'ब्रेन' या नियतकालिकात अमेरिकेतल्या संशोधकांनी ८० रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. आठ आठवड्यांत सोळा वेळा उपचार. काहींना दुखऱ्या हातावर विजेचा सौम्य प्रवाह जोडलेल्या सुया, काहींना विरुद्ध बाजूच्या घोट्याशी, काहींना नुसत्या टेकवलेल्या, त्वचेत न शिरणाऱ्या खोट्या सुया. दुखणं तिन्ही गटांत कमी झालं. नसेच्या वहनात सुधारणा मात्र खऱ्या सुया मिळालेल्यांतच दिसली, आणि मेंदूत बोटांचा जो नकाशा असतो त्यात झालेले बदलही त्यांच्यातच दिसले. पुढच्याच वर्षी, २०१८ मध्ये, उपचारांवरचे अभ्यास पडताळणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने १२ अभ्यास आणि ८६९ रुग्णांचा एकत्र आढावा घेतला. निष्कर्ष थंड होता: खोट्या उपचाराच्या तुलनेत अॅक्युपंक्चरचा फायदा थोडा किंवा नसल्यात जमा असू शकतो, आणि पुरावा इतका कच्चा आहे की ठामपणे बोलता येत नाही.

शिबिरवाले पहिला अभ्यास सांगतात, टीकाकार दुसरा. मला दोन्ही वाचून एकच गोष्ट महत्त्वाची वाटली. त्या ८० जणांचा आजार सौम्य ते मध्यम होता आणि तो आधी तपासून ठरवलेला होता. ज्या अभ्यासाच्या जोरावर सुई टोचायची, त्या अभ्यासातल्या डॉक्टरांनीही तपासल्याशिवाय सुई टोचली नव्हती. आमच्या सभामंडपात शंभर-सव्वाशे बायांच्या रांगेत कुणाचाही तळहात उघडून अंगठ्याचा उंचवटा पाहिला गेला नाही. मला हरकत आहे ती याच्यावर, आणि ती फार मोठी हरकत आहे. वेदना शमवण्याची ताकद असलेला उपचार कारण न शोधता दिला की तो आजाराला आडोसा देतो. सुईचा गुण खोटा असता तर वहिनी चार दिवसांत शिबिर सोडून डॉक्टरकडे गेली असती. तिला खरंच बरं वाटलं, म्हणून ती दोन वर्षं थांबली.

अॅक्युपंक्चर परकं म्हणून झिडकारण्याचं मला काही कारण दिसत नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली ज्या भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्याच पथकातले डॉ. बिजयकुमार बसू. कोटणीस १९४२ मध्ये तिकडेच वारले. बसू परतले, पुढे पुन्हा चीनला जाऊन ही विद्या शिकले आणि १९५९ साली कोलकात्यात त्यांनी ती सुरू केली. हे दोघेही आधी आधुनिक वैद्यकाचे डॉक्टर होते, हे मला इथे मुद्दाम सांगावंसं वाटतं. सुई त्यांच्या परंपरेत तपासणीच्या जागी आली नाही, तपासणीच्या नंतर आली. महाराष्ट्रात तर आता २०१५ चा अॅक्युपंक्चर उपचारपद्धती कायदा आहे, नोंदणीची व्यवस्था आहे. म्हणजे मोफत शिबिरातल्या माणसालाही नोंदणी क्रमांक विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. सुई पाकीट फोडून समोर काढलेली आणि एकदाच वापरायची हवी, हेही विचारावं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा बाई गरोदर असेल तर ते आधी सांगावं. गरोदरपणात हा त्रास पुष्कळ जणींना होतो आणि बाळंतपणानंतर बहुधा आपोआप जातो.

आता 'नैसर्गिक' या शब्दाबद्दल. आमच्याकडे हा शब्द फार स्वस्त झाला आहे. बिब्बा नैसर्गिक आहे, त्याचं तेल लागलं की कातडी भाजून निघते. दुखऱ्या जागी तापलेल्या लोखंडाने डाग देणं हे तर आमच्या आजी-आजोबांच्या पिढीतलं 'नैसर्गिक' होतं, आणि मनगटावर ते डाग घेऊन वावरणारी म्हातारी माणसं मी लहानपणी पाहिली आहेत. एरंडेल चोळलं, हळदीचं दूध प्यालं तर नुकसान काही नाही, पण बोळ त्याने रुंद होत नाही. शेक घ्यायचा तर दुसऱ्याने आपल्या हाताला ऊब लावून बघून द्यावा, कारण बधिर बोटाला चटका समजत नाही. नसेसाठी म्हणून बी-६ जीवनसत्त्वाच्या गोळ्या महिनोन् महिने खाणाऱ्यांना तर सांगायलाच हवं, की ते जीवनसत्त्व प्रमाणाबाहेर गेलं तर स्वतःच नसांना इजा करतं.

खरा नैसर्गिक उपाय मला विचाराल तर रात्री मनगट सरळ ठेवणं. औषधाच्या दुकानात त्याची तयार पट्टी मिळते, काही शे रुपयांत. ती परवडत नसेल तर आमच्या हाडवैद्यांची कामटी आठवा. बांबूची गुळगुळीत केलेली कामटी, कापसाची घडी, वरून मऊ सुती पट्टी. मनगट ना वर, ना खाली. बोटं आणि अंगठा मोकळे. आवळून बांधायचं नाही. झोपताना बांधायची, सकाळी सोडायची, निदान सहा आठवडे. वाचायला फारच साधं वाटतं, म्हणूनच कुणी करत नाही. पण दाबाचे आकडे मी वर दिलेच आहेत, ३२ आणि नव्वद यांतलं अंतर ही पट्टी राखते. योगाचंही तसंच. १९९८ साली अमेरिकेत ४२ जणांवर अय्यंगार पद्धतीच्या योगाचा आठ आठवडे अभ्यास झाला, त्यात पकड सुधारली आणि वेदना कमी झाली. अभ्यास लहान, पण पुण्यात वाढलेली ही पद्धत मनगट ताणून, खांदे उघडून हाताला मोकळं करते, आणि ती करायला पैसे लागत नाहीत.

डॉक्टरांनाही मला बोलायचं आहे. खेड्यातली बाई 'हाताला मुंग्या येतात' म्हणाली की दोन मिनिटांत वेदनाशामक आणि नसेच्या गोळ्या लिहून मोकळं होणारे डॉक्टर या सगळ्याला तितकेच जबाबदार आहेत. साध्या वेदनाशामक गोळीने या आजारात फारसं काही साधत नाही. बी-१२ कमी असेल तर ती गोळी जरूर द्यावी, नसेल तर ती मनगटाच्या बोळात काय करणार? हातात घेऊन हात पाहायला मिनिट पुरतो. तो मिनिट मिळाला असता तर बाया नस उतरवणाऱ्याकडे गेल्या नसत्या. आणि ज्यांनी आजार ओळखला त्यांच्यातले काही थेट 'ऑपरेशन करा' म्हणून कागद हातात देतात. मधली पायरी सांगतच नाहीत. मधली पायरी आहे. पट्टी आहे, मनगटात स्टिरॉइडचं एक इंजेक्शन आहे. २०१८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने छापलेल्या २३४ रुग्णांच्या अभ्यासात सहा आठवड्यांनंतर ते एक इंजेक्शन रात्रीच्या पट्टीपेक्षा सरस ठरलं, सहा महिन्यांनी दोन्ही सारखेच. हे सांगितलं तर बाई घाबरत नाही. 'हाताचं ऑपरेशन केलं की हात जातो' ही समजूत गावागावांत घट्ट आहे, आणि ती न बोलणाऱ्या डॉक्टरांनीच घट्ट केली आहे.

पण सगळ्यात अवघड भाग उपचाराचा नाहीच. वहिनीला मी पट्टीचं सांगितलं असतं, सुट्टीचं सांगितलं असतं, तरी तिने काय केलं असतं? वेचणी किलोवर असते. जितका कापूस, तितके पैसे. दसऱ्यानंतर बोंडं फुटली की सकाळी दव असतानाच बाया शेतात शिरतात आणि दिवसभर मनगट मुडपून, अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत बोंड धरून ओढतात. हात थांबला की मजुरी थांबली. नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर देठ खुडणाऱ्या बायांची चिमूट तशीच. जळगावच्या सराफ बाजारामागे बारीक सोन्यावर काम करणारे कारागीर, दोंडाईच्या-शिरपूरकडचे पहाटे सात-आठ म्हशींच्या धारा काढणारे गडी, रावेर-यावलला केळीचे घड कापून वाहणारे मजूर, हातांची यादी काढायला बसलं तर अख्खा खान्देश त्यात येतो. या हातांना 'आराम द्या' म्हणणं सोपं आहे. आरामाचा पगार कुणी देत नाही.

हे काही माझं भावनिक बोलणं नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१० साली सुधारलेल्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत कार्पल टनेल सिंड्रोम नावानिशी आहे. जोर लावून पुन्हा पुन्हा तीच हालचाल, मनगटाची अवघड ठेवण, हादरे देणारी यंत्रं, ही कारणं तिथे लिहिलेली आहेत. म्हणजे जग याला कामाचा आजार मानतं. किलोवर कापूस वेचणाऱ्या बाईला मात्र हजेरीपत्रक नाही, मालक ठरलेला नाही, आज या शेतात, उद्या त्या शेतात. तिच्या मनगटाची जबाबदारी कुणाच्याच वहीत चढत नाही. मग ती स्वस्त, जवळचं आणि कामाच्या आड न येणारं शोधते. सुईचं मोफत शिबिर तिला यामुळेच पटतं. संध्याकाळी अर्धा तास बसायचं, सकाळी पुन्हा कामाला. तिला अडाणी ठरवून चालणार नाही. तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

म्हणून मला वाटतं, शिबिरं बंद करू नयेत. उलट आमच्या भागात बायांच्या हातापर्यंत पोहोचणारी तीच एक जागा आहे, सरकारी दवाखान्यापेक्षाही. त्याच जागेचा उपयोग करावा. सुई टोचणाऱ्याने आधी तळहात उलटा-सुलटा पाहावा. करंगळी शाबूत आहे का? बधिरपणा रात्रीपुरता आहे की दिवसभर टिकतो? अंगठा आणि करंगळीची टोकं जुळवून धरल्यावर ती सोडवताना जोर लागतो का? उंचवटा दोन्ही हातांत सारखा आहे का? बधिरपणा सतत असेल, हातून वस्तू पडत असतील, उंचवटा बसला असेल, तर त्या बाईला सुई न टोचता चिठ्ठी लिहून जिल्ह्याला पाठवायचं. बाकीच्यांना सुई जरूर द्यावी, पट्टी बांधायला शिकवावी, साखर तपासायला सांगावी, आणि दीड महिन्याने पुन्हा हात दाखवायला बोलवावं. धुळ्याला, जळगावला, आता नंदुरबारलाही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. चिठ्ठी कुठे न्यायची हा प्रश्न उरलेला नाही. आशाताई घरोघरी जातातच, त्यांच्या प्रश्नांत 'रात्री हात झटकावा लागतो का?' हा एक प्रश्न वाढवायला खर्च येत नाही. आणि शेतमालकांनी, विशेषतः बायांच्या टोळ्या घेऊन येणाऱ्या मुकादमांनी, तासाला पाच मिनिटं हात सोडू दिला तर वजनकाट्यावर फार फरक पडणार नाही. माझा भाऊ स्वतः कापूस लावतो. गेल्या हंगामात त्याने हे करून पाहिलं. सुरुवातीला बायाच थांबायला तयार नव्हत्या, आठवडाभराने थांबू लागल्या.

गावातलं शिबिर यंदाही भरणार आहे, त्याच सभामंडपात. आयोजकांकडे मी गेले. सुरुवातीला त्यांना वाटलं, मी विरोध करायला आले आहे. मी त्यांना वहिनीचा हात दाखवला. मग बोलणं नीट झालं. रांग जिथे सुरू होते तिथे एक फलक लावायचं ठरलं, तळहाताचं चित्र, त्यात रंगवलेली साडेतीन बोटं आणि अंगठ्याचा उंचवटा. मजकूर मी लिहून नेला होता, 'मनगटातील चेतातंतूवरील दाबाची लक्षणे' असा मथळा देऊन. वहिनीने तो कागद दोनदा वाचला आणि परत माझ्याकडे दिला. "हाई कोण वाचई, ताई?" ती म्हणाली. "लिख, रातले हात झटकना पडस का? मंग पहिले हात दखाड."

फलकावर आता तेवढंच लिहिलं आहे.